फुकटचा कंपायलर आणि लसींचा फ्रिज

शहापूर-मुरबाड पट्ट्यात पावसाचा जोर वाढला की वीज जाते, आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला आधी आठवतो तो लसींचा फ्रिज. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. बर्फाचं अस्तर असलेला आयएलआर वीज गेल्यावरही काही तास थंड राहतो, सिस्टर दिवसातून दोनदा तापमान नोंदवतात. पण रात्री दोन वाजता कोण बघणार?

गेल्या पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा करणारा एक मुलगा आजीला घेऊन ओपीडीत आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, फ्रिजला भोंगा करून देऊ का?" सुटे भाग स्वस्त होते: 8051 घराण्यातला एक मायक्रोकंट्रोलर, तापमानाचा सेन्सर आणि छोटा डिस्प्ले. अडलं ते कंपायलरपाशी.

मायक्रोकंट्रोलरला फक्त आकडे कळतात. आपण सी भाषेत लिहिलेलं त्याच्या आकड्यांत आणणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. मुलाकडे एका व्यावसायिक कंपायलरची चाचणी आवृत्ती होती. तिची मर्यादा 2 किलोबाइट. डिस्प्लेवरच्या सूचना वाढवल्या आणि प्रोग्राम त्यात मावेना. परवाना घेणं खिशाबाहेरचं. म्हणून त्याने दुसरा, पूर्ण मोफत कंपायलर घेतला. प्रोग्राम एकही चूक न दाखवता तयार झाला. खोलीचं तापमानही बरोबर दिसलं.

फ्रिजला लावण्याआधी आम्ही थर्मासमध्ये बर्फ आणि मीठ घालून सेन्सर बुडवला. 2, 1, 0 असे आकडे उतरले. पारा शून्याखाली गेला आणि डिस्प्लेवर एकदम 255 आलं. भोंगा वाजू लागला: 'तापमान जास्त!'

माझ्या पोटात गोळा आला. फ्रिज गोठत असताना यंत्र 'गरम' म्हणून ओरडलं असतं, तर ड्युटीवरच्या माणसाने बटण आणखी थंडीकडे फिरवलं असतं. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांना ठाऊक असतं. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या की निकामी होतात. वितळल्यावर कुपी वरवर ठीक दिसू शकते. बाळाला सुई टोचली जाते, संरक्षण मात्र मिळत नाही.

दोष कंपायलरचा नव्हता. सी भाषेतल्या 'चार' या लहानशा खान्यात 8 बिट म्हणजे 256 आकडे मावतात. ते 0 ते 255 धरायचे की उणे 128 ते 127, हे भाषेच्या नियमांनी कंपायलरवर सोडलं आहे. पहिल्याने उणे आकडे धरले होते, दुसऱ्याने नाही. आमच्या प्रोग्रामने ते स्पष्ट सांगितलंच नव्हतं. 'चार'च्या आधी 'साइन्ड' हा एक शब्द लिहिला, पुन्हा बर्फ-मीठ केलं, आणि उणे 1 दिसलं.

म्हणून मोफत कंपायलर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तो तुमच्या चिपसाठी आहे का. 8051 साठी एसडीसीसी आहे. अर्ड्युइनोवरच्या एव्हीआर चिपसाठी आणि एआरएमसाठी जीसीसी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये खुला केलेला हा कंपायलर आजही मोफत मिळतो. दोन, मर्यादा कोणती. काही मोफत आवृत्त्यांत प्रोग्रामचा आकार अडतो, तर पिक चिपसाठीच्या एक्ससी8 मध्ये आकार अडत नाही, पण प्रोग्राम आटोपशीर करण्याची पूर्ण ताकद मिळत नाही. तीन, 'चार' आणि 'इंट' तो कसे धरतो, हे माहितीपुस्तिकेत वाचावं. त्याने दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये. सी शिकायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये मोफत धडे आहेत.

मिरगीच्या गोळीची कंपनी बदलली, तर मी पेशंटला पुन्हा बोलावतो. घटक तोच असला तरी फरक पडू शकतो. कंपायलर बदलल्यावरही तसंच करावं: यंत्र पुन्हा तपासावं, आणि तेही शून्याखाली.

भोंगा आता फ्रिजशेजारी आहे. तो फक्त मदतनीस आहे. सिस्टरांची दोन वेळची नोंद आजही वहीत होतेच.