उत्प्रेरकाची तापपरीक्षा

उत्प्रेरकातील धातूचे ऑक्साइड हायड्रोजनयुक्त वायूच्या प्रवाहात ठरावीक वेगाने तापवत नेऊन, ते कोणत्या तापमानाला किती हायड्रोजन घेते हे आलेखावर नोंदवण्याच्या पद्धतीला तापमान-नियोजित क्षपण म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या, उत्प्रेरकांवर काम करणाऱ्या संस्थांना ती परिचित आहे. मात्र आलेखातील शिखराची जागा केवळ पदार्थावर अवलंबून नसते, आणि नवख्यांची फसगत नेमकी येथेच होते. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षांचा थर आणि वारा यांचा मेळ बसावा लागतो, तसाच येथे नमुना आणि वायू यांचा. मोंती आणि बायकर या संशोधकांनी १९८३ मध्ये यासाठी एक सूचकांक मांडला: क्षपणयोग्य पदार्थाच्या प्रमाणाला, दर सेकंदाला आत येणाऱ्या हायड्रोजनच्या प्रमाणाने भागावे, आणि मिनिटाला ६ ते १८ अंश तापवताना उत्तर ५५ ते १४० सेकंदांत राखावे. ५ टक्के हायड्रोजन असलेला वायू मिनिटाला ३० मिलिलिटर सोडल्यास, कॉपर ऑक्साइड जेमतेम ८ मिलिग्रॅम घेतले तरी हा सूचकांक १०० च्या आसपास येतो. नमुना फार घेतल्यास हायड्रोजन अपुरा पडून शिखर पसरते, तर फार थोडा घेतल्यास बाहेर पडणाऱ्या वायूतील हायड्रोजन मोजणाऱ्या संवेदकाला बदल जाणवतच नाही. क्षपणात तयार होणारे पाणी संवेदकापूर्वीच शीतसापळ्यात अडवावे लागते, अन्यथा त्याचीच नोंद हायड्रोजनच्या नोंदीत मिसळते.