सहा साधनांची एक बेरीज



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक अर्ज आला. गटातल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं होतं, तीन हजार रुपये. कारण लिहिलं होतं, ‘मुलीला अमरावतीला मल्लखांबाच्या शिबिराला पाठवणे’. बियाणं, दवाखाना, शाळेची फी, शिलाई मशीन, अशी कारणं असली की आम्ही लगेच हात वर करतो. या अर्जावर मात्र बैठक अडली. एक काकू म्हणाल्या, “उड्या मारायले कायचं कर्ज बापा? अन् पोरगी पडली तर?” दुसऱ्या ताई म्हणाल्या, “बरं, शिकली तरी त्यात नंबर कसा काढतात? कोणाची उडी चांगली हे ठरवते कोण?”

मुलगी आठवीत आहे. ती तिथंच आईच्या मागं बसली होती. तिनं मोबाइल काढला आणि आम्हाला पॅरिस ऑलिम्पिकमधली पुरुषांची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा दाखवली. आम्ही पंधरा जणी एका मोबाइलभोवती जमलो. पोरांच्या उड्या पाहून तोंडात बोटं गेली, पण गुणांचं काही कळलं नाही. एक जण पडला आणि तरी दुसरा आला. असं कसं? म्हणून त्या दिवशी अर्ज बाजूला ठेवला आणि ठरवलं, आधी समजून घेऊ, मग हात वर करू. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

या स्पर्धेला ऑल-अराउंड म्हणतात. आपल्या भाषेत अष्टपैलू. पुरुषांना सहा साधनांवर कसरत करावी लागते. पहिलं फ्लोअर, म्हणजे बारा मीटर लांब आणि बारा मीटर रुंद अशी चौरस जागा, तिथं कोलांट्या आणि हवेतल्या गिरक्या. दुसरं पॉमेल हॉर्स, म्हणजे दोन कड्या लावलेला घोडा. त्यावर फक्त हातांच्या जोरावर पाय गरगर फिरवायचे, मध्ये थांबायचं नाही. तिसऱ्या रिंग्ज, वरून लोंबणारी दोन कडी. त्यावर हात पसरून शरीर असं स्थिर धरायचं की कडी हलायला नको, आणि तसं निदान दोन सेकंद राहायचं. चौथा व्हॉल्ट, धावत येऊन एका टेबलावर हात टेकवून उडी. पाचवे पॅरलल बार, शेजारी शेजारी दोन दांडे. सहावा हॉरिझॉन्टल बार, जमिनीपासून २.८० मीटर उंचीवरचा एकच दांडा, त्याला धरून पूर्ण गोल फिरायचं, हात सोडायचा आणि पुन्हा पकडायचा.

ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत २४ खेळाडू असतात. एका देशाचे जास्तीत जास्त दोन. पात्रता फेरीतले गुण तिथं धरत नाहीत, सगळ्यांची सुरुवात शून्यापासून. सहाही साधनांचे गुण मिळवायचे आणि ज्याची बेरीज मोठी तो पहिला.

आता गटातल्या बायांना हे एका वाक्यात कळलं. आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख दप्तर. एखाद्या गटाची बचत उत्तम असली आणि दप्तर कोरं राहिलं, तर प्रतवारीत तो गट मागं पडतो. एका सूत्रात शंभर नंबरी असून भागत नाही. इथंही तसंच आहे. रिंग्जवर जगात पहिला असलेला माणूस पॉमेल हॉर्सवरून पडला की बेरजेत खाली येतो.

मग एका साधनावर गुण कसे देतात? त्याचे दोन भाग असतात आणि दोन वेगवेगळी पंचमंडळं ते देतात.

पहिला भाग कठीणपणाचा. प्रत्येक कसरतीची किंमत आधीच ठरवून पुस्तकात छापलेली असते. सगळ्यांत सोप्या कसरतीला ०.१, त्याहून अवघडला ०.२, असं चढत जातं. खेळाडूनं केलेल्या कसरतींची बेरीज म्हणजे कठीणपणाचे गुण. याला वरची मर्यादा नाही. जितकं अवघड कराल तितकी किंमत.

दुसरा भाग सफाईचा. हा दहापासून सुरू होतो आणि खाली येतो. गुडघा किंचित वाकला, पाय जुळले नाहीत, की ०.१ कमी. चूक मधली असेल तर ०.३, मोठी असेल तर ०.५, आणि पडलं की पूर्ण १ गुण गेला. उतरताना एक छोटं पाऊल सरकलं तरी ०.१ जातो. सफाई पाहणारे पंच बरेच असतात. त्यांच्यातला सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकडा सोडून देतात आणि मधल्यांची सरासरी काढतात. म्हणजे एखाद्या पंचानं आपल्या माणसाला झुकतं माप दिलं तरी ते गळून जातं. दोन्ही भाग मिळून त्या साधनाचे गुण होतात.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक आजी हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे बाईच्या कामाले दुसराच भाग लावतात, पह्यला लावतच नाही.” आम्ही विचार केला तर खरंच की. भाजीत मीठ जास्त पडलं, कपात. पाणी भरायला उशीर झाला, कपात. पण पहाटे उठून स्वयंपाक, मग वावरात दिवसभर निंदण, आल्यावर ढोरं, पोरांचा अभ्यास, गटाची बैठक, या सगळ्याच्या कठीणपणाचे गुण कोणी लिहितं का? या खेळात निदान अवघडाची किंमत आधी लिहिलेली असते, आणि ती लिहिली नसती तर प्रत्येकानं सोपंच केलं असतं.

पॅरिसमध्ये काय झालं ते आता समजेल. ३१ जुलै २०२४ ला पुरुषांची अंतिम फेरी झाली. चीनचा झांग बोहेंग पहिल्याच साधनावर, फ्लोअरवर, पडला. पण त्यानं हातपाय गाळले नाहीत. उरलेल्या पाच साधनांवर तो चढत चढत वर आला आणि शेवटी बेरीज झाली ८६.५९९. जपानचा शिन्नोसुके ओका ८६.८३२ वर होता. फरक फक्त ०.२३३. पडण्याचा एक गुण गेला नसता तर काय झालं असतं, हिशेब तुम्हीच करा. तरीही पडूनसुद्धा तो दुसरा आला, कारण मोजणी सहा साधनांची होती. एका पडण्यानं सगळं संपत नाही, हे या स्पर्धेचं आम्हाला आवडलेलं अंग.

त्याआधी २०१६ ला रिओमध्ये जपानचा कोहेई उचिमुरा शेवटच्या साधनाआधी ०.९०१ नं मागं होता. शेवटी हॉरिझॉन्टल बारवर त्यानं एवढी स्वच्छ कसरत केली की ०.०९९ नं तो पुढं गेला. त्याच्याजवळ तेव्हा २०१२ च्या लंडनचंही सुवर्णपदक होतं.

आणि टोकियोची एक गंमत. तिथं चीनचा शाओ रुओतेंग हॉरिझॉन्टल बारवरून उतरला आणि शेवटी पंचांना अभिवादन करायचं विसरला. तेवढ्यासाठी ०.३ कापले. त्याला रौप्यपदक मिळालं. नियम लहान असो की मोठा, माहीत असलाच पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण लिहिलं ती. २००४, अथेन्स. तेव्हा गुणांची पद्धत जुनी होती. कसरत किती अवघड आहे ते पाहून आधी ‘सुरुवातीचा आकडा’ ठरायचा, जास्तीत जास्त दहा, आणि त्यातून चुका वजा व्हायच्या. अमेरिकेचा पॉल हॅम व्हॉल्टवर उतरताना कोलमडला आणि बाराव्या क्रमांकावर गेला. पुढच्या दोन साधनांवर त्यानं जीव ओतला आणि ५७.८२३ गुणांनी सुवर्णपदक घेतलं. दुसरा आलेला कोरियाचा किम दे-उन ५७.८११ वर होता. फरक ०.०१२. तिसरा आला कोरियाचाच यांग ते-यंग, ५७.७७४ वर.

नंतर लक्षात आलं की यांगच्या पॅरलल बारच्या कसरतीचा सुरुवातीचा आकडा पंचांनी चुकीचा धरला होता. हवा होता १०, धरला ९.९. तो ०.१ मिळाला असता तर त्याची बेरीज ५७.८७४ झाली असती, म्हणजे पहिला नंबर. जागतिक संघटनेनं चूक मान्य केली, तीन पंचांना निलंबित केलं, पण निकाल बदलला नाही. प्रकरण खेळांच्या लवादाकडे गेलं. लवादानं ऑक्टोबर २००४ मध्ये निकाल दिला की पदक हॅमकडेच राहील. कारण कोरियाची तक्रार वेळेत, म्हणजे स्पर्धा चालू असताना, आली नव्हती. यात दुसरी बाजूही होती. ती कसरत पुन्हा पाहिली तेव्हा यांगचीही एक चूक दिसली, जी पंचांनी कापलीच नव्हती. एक आकडा मागून सुधारायचा तर मग सगळेच सुधारावे लागतील, आणि असा निकाल कधी संपणारच नाही.

यांगचा दोष नव्हता, हॅमचाही नव्हता. चूक लिहिणाऱ्यांची होती आणि ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांनी वेळेत पाहिलं नाही. पुढं २००६ पासून कठीणपणा आणि सफाई वेगळी मोजायची आजची पद्धत आली.

हे वाचताना आम्हाला आमचंच आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं एका बँकेत कर्जाचा हप्ता भरला. तो आमच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या गटाच्या खात्यात जमा झाला. पावती आमच्याजवळ होती, पण पासबुक भरून आणायला कोणी गेलं नाही. प्रत्येकीला वाटलं दुसरी जाईल. चार महिन्यांनी नवीन कर्ज मागायला गेलो तेव्हा कळलं की आमच्या नावावर थकबाकी दिसते. पावती दाखवली, दुरुस्ती झाली. पण तोवर पेरणी होऊन गेली. बियाण्यासाठी दोघींनी सावकाराकडून पैसे उचलले होते. चूक सुधारली, पण व्याज कोणी परत दिलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे. पैसे भरले की त्याच आठवड्यात पासबुक भरून आणायचं, आणि बैठकीत आकडा मोठ्यानं वाचायचा. चूक दिसली की त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगणं म्हणजे न सांगणंच.

आता आपल्या जवळचं. तुम्ही म्हणाल, हे जपान आणि अमेरिकेचं झालं, कारंजाच्या पोरीला त्याचं काय? तर ऐका. आपल्या कारंजापासून साठेक किलोमीटरवर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ तिथं करून दाखवले. म्हणजे आपल्या वऱ्हाडातली माणसं ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी तिथं पोचली होती.

मल्लखांब हा मुळात पैलवानांचा सराव. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं असं सांगतात. खांबाला एरंडेल तेल लावतात आणि त्यावर चढून आसनं करतात. मुली पूर्वीपासून दोरीचा मल्लखांब करतात, आता खांबावरही चढतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मुंबईची हिमानी परब हिला मल्लखांबासाठी २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईचेच प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

जिम्नॅस्टिक्समध्येही आपली माणसं आहेत. आशिष कुमार यानं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टवर रौप्य आणि फ्लोअरवर कांस्यपदक आणलं. त्रिपुराची दीपा कर्माकर ऑलिम्पिकला गेलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. २०१६ ला रिओमध्ये तिनं व्हॉल्टची सगळ्यांत अवघड मानली जाणारी उडी निवडली आणि १५.०६६ गुणांनी चौथी आली. कांस्यपदक ०.१५ नं हुकलं. तिनं सोपं निवडलं असतं तर कदाचित आज आपल्याला तिचं नावही माहीत नसतं.

एक फरक मात्र सांगायला हवा. पुरुषांना सहा साधनं, बायकांना चार. ऑलिम्पिकमध्ये बायकांना वैयक्तिक अष्टपैलू स्पर्धा मिळाली तीच १९५२ साली. मैदानात यायला बायकांना वेळ लागला, सगळीकडेच लागला.

मग पडण्याची भीती? ती खरी आहे, काकूंचं चुकलं नव्हतं. म्हणून आम्ही तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. खाली गाद्या असतात का, शिकवणारे किती आणि मुली किती, आणि राहण्याच्या ठिकाणी बाई जबाबदार आहे का. ताई स्वतः अमरावतीला जाऊन पाहून आली आणि बैठकीत उभी राहून सांगितलं. चौथा प्रश्न मुलीला विचारला, परीक्षा कधी आहे. तिनं तारीख सांगितली.

कर्ज मंजूर झालं. तीन हजार, सहा हप्ते, गटाच्या नेहमीच्या व्याजानं, सवलत नाही. काकूंनी हात वर केला नाही. त्यांचा विरोध इतिवृत्तात नावासकट लिहिला, कारण तोही लिहिला गेला पाहिजे. मग त्याच काकूंनी जाताना पोरीला सांगितलं, “उतरशील तेव्हा पाय जुळव, नाही तं कापतीन.”

तुमच्या गटात असा अर्ज आला तर नाही म्हणण्याआधी एक बैठक समजून घ्यायला द्या. आणि हो, या महिन्याचं पासबुक भरून आणलं का?