काचेवरचं पाणी कुठून येतं?

नोव्हेंबर लागला की ब्रिटनमधल्या असंख्य घरांत सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं: झोपायच्या खोलीचा पडदा बाजूला सारायचा आणि फडकं घेऊन काच पुसायची. काच सगळीकडे सारखी ओली नसते. वरचा भाग नुसता धुरकटलेला असतो. खाली येता येता थेंब मोठे होत जातात, एकमेकांत मिसळून ओघळतात आणि खालच्या चौकटीत पाण्याची रेघ साचते. चौकट लाकडी असेल तर कोपऱ्यातल्या सांध्यात ते पाणी मुरतं, रंगाला फुगे येतात. प्लास्टिकची असेल तर काचेभोवतीच्या रबरी पट्टीवर मोहरीहून बारीक काळे ठिपके उठतात. हे ठिपके बुरशीचे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची पहिल्याच हिवाळ्यात याच्याशी गाठ पडते. बाहेर पाऊस आहे, धुकं आहे, तेच कुठून तरी आत झिरपतंय असा तर्क तेव्हा सहज केला जातो. मग खिडकी आणखी घट्ट लावली जाते, फटींवर चिकटपट्टी बसते. हा तर्क नेमका उलटा आहे. काचेवरचं पाणी घरातलंच असतं, आणि ते घालवायचं तर तीच खिडकी उघडावी लागते.

आपल्या भाषेत दव ‘पडतं’. जणू ते आभाळातून खाली येतं. पण दव पडत नाही, जिथं दिसतं तिथंच ते तयार होतं. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी बागेत रात्रभर लोकरीचे पुंजके ठेवून, सकाळी त्यांचं वजन करून हे दाखवून दिलं आणि १८१४ साली दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. उघड्या आभाळाखाली एखादी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होते आणि तिला लागून असलेल्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो तो असाच. बाटलीतलं पाणी काही बाहेर पाझरलेलं नसतं. हिवाळ्यातल्या घरात बाटलीची जागा खिडकीची काच घेते.

इथं थोडं गणित लागतं, पण ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. २० अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्राम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. १० अंशांना ही क्षमता ९ ग्रामांच्या थोडी वर असते, शून्य अंशाला ५ ग्रामांच्याही आत. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा १२ अंशांपर्यंत गार झाली की तिला आतली वाफ पेलवेनाशी होते. यालाच दवबिंदू म्हणतात. आता बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू अवघी ५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे पाणी धरणारच. जुन्या पद्धतीच्या दुहेरी काचेची आतली बाजू १२-१३ अंशांवर असते, अगदी काठावर. उष्णता अडवणारा लेप दिलेल्या नव्या दुहेरी काचेची १६-१७ अंशांवर जाते. म्हणून शेजारशेजारच्या दोन घरांत एकाची काच ओली आणि दुसऱ्याची कोरडी दिसू शकते. बाहेरची हवा दोघांना तीच असते. काच किती गार आहे आणि आतल्या हवेत वाफ किती आहे, फरक एवढाच.

ही वाफ आपणच तयार करतो. चहा उकळतो, डाळ रटरटते, गरम पाण्याची अंघोळ होते. गॅसची शेगडी तर भांड्यातलं पाणी आटवतेच, शिवाय ज्योत स्वतःही पाणी तयार करते: एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो वाफ हवेत जाते. मशिनमधून पिळून निघालेल्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर पसरलेले कपडे ते सगळं खोलीतच सोडतात. पण ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही तो स्रोत म्हणजे आपण स्वतः. झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत ३० घनमीटर हवा असते. २० अंशांना ती फार तर ५२० ग्राम वाफ धरू शकते, आणि त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असते. दार-खिडकी बंद असेल तर उरलेली वाफ जाणार कुठं? सकाळी फडक्यात जे पाणी येतं ते पुष्कळसं रात्रीच्या श्वासाचंच असतं.

यावर पहिला आक्षेप असा की ब्रिटनमध्ये हिवाळाभर बाहेरची आर्द्रता ९० टक्के दाखवतात. खिडकी उघडली तर ओल आत येणार नाही का? हा आक्षेप मराठी माणसाच्या मनात फार खोल रुजलेला असतो, कारण आपली दमट हवेची सगळी शिकवण पावसाळ्याची आहे. कोकणात जुलैमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा एका घनमीटर हवेत २३ ग्राम पाणी असतं. अशा दिवसांत खिडक्या लावून घेणं, कपाटातल्या कपड्यांना जपणं, पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं हे शहाणपणच असतं, कारण ओल खरोखर बाहेर असते. लंडनच्या जानेवारीत ५ अंश आणि तीच ९० टक्के आर्द्रता असेल तर पाणी असतं अवघं ६ ग्राम. टक्केवारी दोन्हीकडे तीच, पाणी जवळपास चौपट कमी. ही गार हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरते आणि ती घरातली वाफ टिपून घ्यायला मोकळी होते. बाहेर रिमझिम चालू असली तरी हिशेब फारसा बदलत नाही. पावसाळ्यातली सवय तिथल्या हिवाळ्यात नेली की ती आपल्यावरच उलटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गॅसचं बिल. एवढे पैसे मोजून तापवलेली हवा बाहेर सोडायची? इथंही अंदाजापेक्षा आकडा बरा. त्या ३० घनमीटरच्या खोलीतली सगळी हवा बदलली आणि नवी हवा ५ अंशांवरून २० वर आणली, तर सुमारे ०.१५ युनिट ऊर्जा लागते. दीड लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच लागते. त्या बदल्यात खोलीतून १५० ग्रामांच्या आसपास पाणी बाहेर जातं. हे इतकं स्वस्त पडतं, कारण खोलीची ऊब हवेत फार थोडी आणि भिंती, जमीन, पलंग, गाद्या यांच्यात फार जास्त साठलेली असते. खिडक्या समोरासमोरच्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत बंद केल्या तर भिंती गार व्हायला वेळच मिळत नाही. जर्मन घरांत हा रोजचा नेम आहे, आणि तिथल्या पुष्कळ भाडेकरारांत खोल्यांना वारा देण्याची अट लिहिलेली असते. खरा तोटा होतो तो खिडकी तासन् तास किलकिली ठेवून खाली रेडिएटर चालू ठेवण्यात. त्यात भिंतीही गारठतात.

मग चांगली दुहेरी काच बसवली की प्रश्न मिटला, असं खिडक्या विकणारे सांगतात. काच कोरडी होते हे खरं. (नव्या काचेच्या बाहेरच्या बाजूला शरदातल्या निरभ्र पहाटे दव दिसलं तर घाबरू नये, घराची ऊब आतच राहत असल्याची ती खूण आहे. दोन काचांच्या मध्ये धुरकटलं असेल तर मात्र तिचं सील गेलेलं असतं.) पण वाफ तेवढीच राहते, आणि जुन्या सैल खिडकीच्या फटींतून जो वारा खेळायचा तोही बंद होतो. आता ती वाफ घरातली पुढची गार जागा शोधते: बाहेरच्या भिंतींचा कोपरा, पलंगामागचा भाग, भिंतीला टेकवलेलं कपाट. बुरशीला थेंब साचायचीही गरज नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. म्हणून काच कोरडी असूनही कपाटाच्या पाठीमागे ठेवलेल्या सुटकेसवर हिरवट साय दिसते, चामडी बुटांना कुबट वास येतो. त्यापेक्षा ओली काच बरी, ती रोज सकाळी समोर येऊन सांगते तरी. पाणी पुसून फडकं सिंकमध्ये पिळणं योग्यच, ओलावा शोषणारं यंत्रही कपडे वाळवण्याच्या खोलीत उपयोगी पडतं. पण वाफ जिथं निघते तिथूनच बाहेर काढणारा पंखा आणि खोलीत पुरेशी ऊब, या दोहोंना पर्याय नाही. हिवाळ्यात घर किमान १८ अंश ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकच खोली तापवून बाकीचं घर गार ठेवलं, तर स्वयंपाकघरातली वाफ गार खोलीत जाऊन बसते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे दोष राहणाऱ्यांच्याच सवयींचा. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही ठरला आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा अवाब इशाक हा लहान मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला, दुसऱ्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनी. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क येऊन श्वसनाच्या विकारानं त्याचा मृत्यू झाला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची कायदेशीर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, म्हणजे कोरोनरनं दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. वरून रंग मारा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कुटुंब सुदानहून आलेलं, आणि दोष त्यांच्या राहणीवर ढकलला गेला. स्वयंपाक, अंघोळ आणि श्वास यांना राहणीतला दोष म्हणता येत नाही. घर माणसांनी राहण्यासाठी असतं, आणि माणसं राहिली की वाफ होणारच. ती बाहेर नेण्याची सोय करणं घरमालकाचं काम आहे. अवाबच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सामाजिक (स्थानिक परिषदा आणि गृहसंस्थांच्या) भाडेघरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. धोकादायक ओल आणि बुरशीची तक्रार आली की १० कामकाजी दिवसांत तपासणी आणि त्यानंतर ५ कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणं आता बंधनकारक आहे. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. खासगी भाडेघरांपर्यंत तो नेण्याची तरतूदही झाली आहे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात तिकडे घर बघायला जाल तर कपाट भिंतीपासून ओढून मागे डोकावून बघा, आणि बाथरूममधला पंखा चालू करून त्याच्या जाळीला टिश्यू पेपरचा तुकडा लावा. तुकडा चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. गळून पडला, तर करारावर सही करण्यापूर्वी तो पंखा दुरुस्त करून मागा, आणि तेही लेखी.