जुनेराची भेट

अंजनवेल म्हटलं की बाहेरच्या माणसाला अजून एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवतो. इतिहासाची आवड असली तर गोपाळगड. सिद्दीकडून १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी घेतलेला आणि तेव्हापासून या नव्या नावाने ओळखला जाऊ लागलेला किल्ला. गडावरून खाली वाशिष्ठीचं मुख दिसतं, पलीकडे दाभोळ. सह्याद्रीतून निघून चिपळूणला वळसा घालत आलेलं पाणी इथे समुद्राला मिळतं. २२ जुलै २०२१ रोजी हीच नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. दुकानं गेली, घरं गेली आणि १८६४ पासून चाललेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकंही चिखलात गेली. २००५ च्या पुराचा तडाखाही या वाचनालयाने सोसला होता.

महापूर ओसरला की मदतीचे ट्रक निघतात आणि दरवेळी त्यांत दोन गोष्टी ढिगाने येतात, जुने कपडे आणि जुनी पुस्तकं. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही. पण गुंड्या तुटलेले सदरे, पार्टीवेअर, एकाच पायातला मोजा, काखेत विरलेला ब्लाउज हे सगळं ज्याच्या घरात गुडघाभर चिखल आहे त्याने निवडत बसायचं. जुने कपडे पाठवू नका, असं स्वयंसेवकांना शेवटी जाहीर सांगावं लागतं. पुस्तकांचंही तेच. कुठल्याही ग्रंथपालाला विचारा, देणगी म्हणून आलेल्या गठ्ठ्यात काय असतं? अभ्यासक्रम बदलून गेलेली गाइडं, तीन खंडांतला फक्त दुसरा खंड, वाळवीने कडा खाल्लेला शब्दकोश. माळा रिकामा करणं आणि दान करणं यात फरक आहे, आणि तो फरक सगळ्यात चांगला कळतो तो गोधडी शिवणाऱ्या बाईला.

गोधडी हे टाकाऊ कापडाचं काम आहे असं समजणं चूक आहे. टाकाऊ काय आणि टिकाऊ काय, हे ठरवण्यापासूनच ते काम सुरू होतं. लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याचा भाग आणि निऱ्यांचा घेर आधी विरतो. पदर बराच काळ धड राहतो, काठ तर कापडाच्याही पुढे जगतात. शिवणारी बाई जुनेर धुऊन, उन्हात कडक वाळवून उजेडासमोर धरते. ज्यातून पलीकडचं दिसतं ते आतल्या थरात जातं. बऱ्यापैकी असेल ते तळाला, आणि पदर किंवा ठसठशीत रंगाचे तुकडे वर. काठ उसवून गोधडीच्या कडेला लावायचे, कारण ओढाताण तिथेच होते. ज्याला टाकाच धरवत नाही ते पायपुसण्याला. या निवडीत भावनेला जागा नसते. नवऱ्याने पहिल्या पगारात आणलेली साडी असली तरी विरली असेल तर ती आतच जाणार.

मग ओटीवर किंवा सारवलेल्या खळ्यात थर अंथरायचे. चार, पाच, जाडी हवी तसे. कोपऱ्यांवर पाट किंवा दगड ठेवून कापड ताणायचं, लांब कच्च्या टाक्यांनी सगळं एकत्र धरायचं आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे सरकायचं. पाश्चात्त्य रजया बहुधा मधून बाहेर शिवतात, म्हणजे चुण्या बाहेर ढकलल्या जातात. आपल्याकडच्या बायका चुण्यांना घाबरत नाहीत. दोऱ्याच्या ओढीने ओळीओळींत कापड फुगतं, गोधडीवर बारीक लाटा उठतात आणि त्या लाटांत हवा अडकते. ऊब तिथून येते. कापूस भरलेली रजई धुता येत नाही, गोधडी धुता येते. कोकणात मात्र या धुण्यालाही वेळापत्रक आहे. पावसाळ्यात भिजलेली गोधडी वाळत नाही, कुबट वास धरते. म्हणून धुणं आणि शिवणं दोन्ही चैत्र-वैशाखात, आगोटीच्या आधी उरकायचं. पावसाळ्याच्या बेगमीत वाल, कडधान्यं, सुकी मासळी, लाकूडफाटा आणि त्याच यादीत गोधड्या.

कापड कुठून येई? या किनाऱ्यावरची पुरुषमाणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत होती. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कामगारांचा भरणा मोठा. गणपतीला किंवा मे महिन्यात घरी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत कटपीस असत. गावातल्या शिंप्याकडची कात्रणं मागून आणली जात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या हळूहळू मिटल्या, तशी सुती कापडाची ही वाटही आटली. त्याच सुमारास घरोघरी सिंथेटिक साडी रुजली. ती फाटत नाही, आणि गोधडीच्या दृष्टीने हीच तिची खोड. जे विरत नाही ते मऊही होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, सुई अडते, घाम टिपला जात नाही. हल्ली बचत गटांच्या प्रदर्शनांत चमकदार गोधड्या दिसतात. हात लावला की कळतं, वरून सुती, आतून पॉलिएस्टर. विकणारीला दोष देववत नाही. पाच नऊवारी लुगडी आज आणायची कुठून?

या कलेतली सगळ्यात हळवी आणि सगळ्यात शहाणी शाखा म्हणजे बाळंतविडा. बाळाच्या आगमनाला दुपटी, झबली, टोपडी, कुंची, लंगोट असा संच द्यायचा. त्यात नवं कापड कमी, आजीचं जुनेर जास्त. नव्या कापडाची खळ आणि खरखर तान्ह्या कातडीला सोसत नाही, शेकडो वेळा धुतलेलं लुगडं सोसतं. म्हणजे इथे जुनं असणं हा उणेपणा नाही, तोच गुण. नवीन आणता आलं नाही म्हणून जुनं दिलं, असं कोणी म्हणत नाही. आणि हे दुपटं तिथे थांबत नाही. पुढच्या बाळाला, मग मावशीच्या बाळाला, मग शेजारी. परत मागायचं नाही, पण कुठे गेलं याची खबर सगळ्यांना असते.

दुपारच्या शिवणाला सोबत लागते, आणि ती सोबत बरेचदा पुस्तकाची असे. वाचता येणारी एक, ऐकणाऱ्या चार. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’. कोणी वाती वळतेय, कोणी तांदूळ निवडतेय, कोणाच्या मांडीवर गोधडीचा कोपरा. वाचनाचा इतिहास लिहिणारे शाळा, छापखाने, वाचनालयं मोजतात. या ऐकणाऱ्या बायका त्यांच्या हिशेबात येत नाहीत, आणि मला ही मोठी चूक वाटते. अक्षर न गिरवलेल्या बाईला द्रौपदीचे प्रश्न तोंडपाठ असत. कृष्णाच्या बोटाला बांधायला भरजरी वस्त्र फाडणारी द्रौपदी तर चिंधीचं मोल जाणणाऱ्यांची आद्य देवता. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटात त्या चिंधीवरचं गाणं आहे, हे सांगायला नकोच. मूळ पुस्तक पालगडच्या साने गुरुजींचं. खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेणारा आणि पावसापाण्याचा चालत घरी जाणारा श्याम त्यातच भेटतो. शिवलेल्या वस्त्राच्या भेटीवरचं इतकं साधं, इतकं पोचणारं प्रकरण मराठीत दुसरं मला आठवत नाही.

आज वाचणाऱ्या बाईची जागा मोबाइलने घेतली आहे. स्टोरीटेलसारख्या ॲपवर कादंबरी लावून शिवणाऱ्या बायका शहरात पुष्कळ आहेत. ‘ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे’ असं नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या पणजीला विचारून पाहावं.

कापड आणि ग्रंथ यांची अंबाजोगाईइतकी गाठ मात्र कुठेच पडलेली नाही. तिथल्या संतकवी दासोपंतांनी, काळ १५५१ ते १६१५, वेदान्तातला पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध केला आणि तो उतरवला लांबलचक कापडावर. ‘पासोडी’ म्हणूनच तो ओळखला जातो. पासोडी म्हणजे गरिबाने अंगाभोवती घ्यायचं जाडंभरडं वस्त्र. प्रचंड ग्रंथरचना करणाऱ्या या कवीला कागद सोडून हेच का सुचलं, यावर तर्क करण्यापेक्षा मला त्याची हिंमत आवडते. पांघरुणावर तत्त्वज्ञान लिहायचं म्हणजे ते देवघरातून थेट माजघरात आणायचं. गाडगेबाबांनी तीनशे वर्षांनी उलट बाजूने तेच केलं. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन फिरणाऱ्या या माणसाला लोक गोधडेबुवा म्हणत. हातात खराटा, आणि कीर्तनात एकच धोशा, पोरांना शिकवा. ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, असं सांगणाऱ्याच्या अंगावर गोधडी होती, हा वेश निव्वळ गरिबीचा नव्हता.

आपल्या शेजारीही पाहायला हवं. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. अंजनवेलवर राज्य केलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास वेगळा. यांचे पूर्वज बरेचसे पोर्तुगीज गोव्यातून निसटून रानात गेलेले. कवंदीही कडेकडून आत शिवली जाते आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. ती खपते कुठे? आधी घरातल्या बाळासाठी, नातवासाठी. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, सगळीकडे हाच क्रम. आधी घर, मग नातं, अगदी शेवटी बाजार. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र इंग्रजी पुस्तक केलं आहे. आपण मात्र आपल्या गोधडीवर कविता फार केल्या, नोंदी कमी.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून फाटलेल्या कामाच्या कपड्यांच्या रजया शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयाने त्या भिंतीवर लावल्या आणि समीक्षकांना अचानक आधुनिक चित्रकला आठवली. २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. कौतुक करताना सावध राहिलं पाहिजे. थंडीसाठी शिवलेली वस्तू भिंतीवर गेली की शिवणारीला मान मिळतो, पण पुढची रजई ती कोणासाठी शिवते, हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा मला दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या बायका जवळच्या वाटतात. रेडक्रॉसमार्फत त्यांनी शिवून ब्रिटनला पाठवलेल्या रजयांची संख्या चार लाखांच्या आसपास मानली जाते. बॉम्बने घर गेलेल्या कुटुंबांना त्या मिळाल्या. शिवणारीला घेणारी माहीत नव्हती, तरी रजई पूर्ण होती, वापरायला तयार.

इथे परत त्या ढिगाकडे यावंसं वाटतं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली ती नेमक्या याच अडचणीवर. शहरातून आलेलं कापड आधी निवडलं जातं, धुतलं जातं. घालण्याजोगं नसेल ते सुजनी बनतं, मासिक पाळीसाठी घड्या बनतं. गावात ते फुकट वाटत नाहीत, गावाने विहीर किंवा रस्त्याचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून जातं. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या पद्धतीचं मर्म कुठल्याही कोकणी आजीला नवं वाटणार नाही. घेणाऱ्याला निवडायला लावू नये, निवड देणाऱ्याने करावी.

पुस्तकांच्या बाबतीत अशी निवड करणारं एक देखणं काम नाशिकमध्ये उभं राहिलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, तीसपस्तीस वाचकांच्या गटात ती फिरते, ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. पैसे वाढदिवसाच्या, लग्नाच्या, स्मरणाच्या देणग्यांतून. इथेही जुन्या पुस्तकांची रद्दी चालत नाही, पेटीत काय जाणार हे आधी ठरतं. कल्पना तशी आपल्याला अनोळखी नव्हती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि त्यानंतर फिरत्या पेट्या त्या संस्थानातल्या खेड्यांत पोचल्या होत्या.

रत्नागिरी जिल्ह्याला तर वाचनाचा वारसा मोठाच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, मराठी मुलखातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी. पण जुनेपणावर वाचनालय चालत नाही. १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात अनुदानित ग्रंथालयांचं जाळं झालं, अ ते ड असे वर्ग झाले, आणि खेड्यातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालय तुटपुंज्या रकमेत कसं तग धरतं ते त्याच्या कपाटावरून कळतं. अशा ठिकाणी चांगली देणगी म्हणजे संच. श्री. ना. पेंडसे यांचा अख्खा संच द्या. ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची, ‘रथचक्र’ १९६२ ची, १९८७ चे ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड. एकच खंड देऊ नका, खोतांची पुढची पिढी वाचकाला हवीच असते. या कादंबरीतली जगबुडी नदी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दोघींचं पाणी दाभोळच्या खाडीतून अंजनवेलवरून जातं. आपल्या दारातलं पाणी पुस्तकात भेटण्याचं सुख शहरातल्या वाचकाला क्वचित मिळतं. पावसाळ्यात वीज गेली, होडी बंद पडली, अंगावर गोधडी आणि हाती ‘तुंबाडचे खोत’ असले तर दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

आणि बाळंतविड्याचं बोलायचं तर त्यात आता एक भर घालायला हरकत नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका दुपट्याच्या घडीत सहज मावते. चित्रं मोठी, मजकूर थोडा, घरातली माणसं आपल्यातली. बाळ पहिलं वर्ष पुस्तक चघळेल, दुसऱ्या वर्षी पानं फाडेल. तेव्हा एक जादा प्रत आजीकडे ठेवावी, आणि घडीत जमलं तर एक चिकटपट्टीचं रीळही.