थिऑलॉजीनंतर पुढे काय?

सेमिनरीतून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) झालेल्या मुलाला किंवा धर्म-अभ्यासात पदवी घेतलेल्या मुलीला घरचे हमखास विचारतात, ‘आता बी.एड. करणार का?’ चिंता रास्त आहे, पण वाटा बऱ्याच आहेत आणि काही अगदी दाराशी आहेत.

पुण्याचंच बघा. ज्ञानदीप विद्यापीठ १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालं आणि १९५५ मध्ये नगर रस्त्यावर आलं. तिथे लायसेन्शिएट (चर्चमान्य पदव्युत्तर पदवी) आणि डॉक्टरेटपर्यंत शिकता येतं. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. महाराष्ट्राबाहेर पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ आणि शांतिनिकेतन इथे धर्मांचा तौलनिक अभ्यास चालतो. यूजीसी नेटमध्येही तो स्वतंत्र विषय आहे. मात्र चर्चमान्य पदवी विद्यापीठात समकक्ष धरतात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. हा कागद नसेल तर पीएच.डी.चा अर्ज पहिल्याच छाननीत अडकू शकतो.

माझं स्पष्ट मत असं, की दुसरी सर्वसाधारण पदवी घेण्याआधी एखादी भाषा आणि लिपी पक्की करावी. अॅन फेल्डहाऊस या अमेरिकी अभ्यासकांनी महानुभाव पंथाच्या अभ्यासासाठी जुनी मराठी आत्मसात केली. शं. गो. तुळपुळ्यांबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोशही सिद्ध केला. त्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठात धर्म-अभ्यासाच्या प्राध्यापक झाल्या. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुणाशी काय बोलले, हे एकेका छोट्या लीळेत येतं. तत्त्वज्ञान वेगळं काढून मांडलेलं नाही, ते त्या बोलण्यातूनच हाती लागतं. पंथाच्या कितीतरी पोथ्या सकळ लिपीत आहेत, अक्षरं मुद्दाम बदलून लिहिलेल्या. ही लिपी वाचता येणारा विद्यार्थी थेट पोथीशी बोलतो. ज्यांची मायबोली मराठी आहे, त्यांनी हे काम परक्यांवर का सोडावं? महानुभावांच्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे.

ख्रिस्ती थिऑलॉजीच्या पदवीधरालाही असंच काम आहे. फादर स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. ते नीट वाचायला बायबलही हवं आणि ओवीही.

परदेशात जायचं असेल तर हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल किंवा लंडनचं सोआस आहे. अर्जात ‘मला धर्मांत रस आहे’ एवढंच लिहू नका. कोणती पोथी, कोणतं गाव, कोणता प्रश्न, ते लिहा आणि मार्गदर्शकाशी आधी पत्रव्यवहार करा.