साडेतेवीस वर्षांचा कान

भाचीच्या हळदीला डीजेने एक गाणं लावलं आणि मांडवातली सगळी तरुण पोरं एकदम उठली. सगळ्यांचे हात एकाच वेळी वर, सगळ्यांची गिरकी एकाच ठेक्यावर! सात वर्षांचा चिंटूसुद्धा एक स्टेप चुकेना. मी मात्र खुर्चीतच. गाणं कधी ऐकलेलं नाही, गायक कोण तेही ठाऊक नाही. “मावशी, हे तर सगळ्यांना माहितीये!” असं चिंटू म्हणाला. या ‘सगळ्यां’मधून मी नेमकी कधी वगळली गेले?

त्या कुतूहलापोटी वाचायला बसले आणि थक्क झाले. अमेरिकेतल्या मॉरिस होल्ब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १०८ जणांना २८ गाणी ऐकवली होती. सर्वांत जुनं १९३२ मधलं, सर्वांत नवं १९८६ मधलं. ऐकणाऱ्यांत सोळा वर्षांची मुलं होती, तसे ऐंशी पार केलेले आजोबाही. कुणाला कोणतं गाणं किती भावलं, याचा आलेख एखाद्या टेकडीसारखा निघाला. माथा कुठे? गाणं गाजत होतं तेव्हा ऐकणाऱ्याचं वय साधारण साडेतेवीस होतं, तिथे! हा निष्कर्ष १९८९ साली छापून आला.

म्हणजे आजोबांना त्यांच्या तारुण्यातलं गाणं गोड आणि नातवाला त्याच्या. दोघांनाही मनापासून वाटणार, की खरं संगीत आपल्याच काळात होतं!

असं का व्हावं? उतारवयात माणसाला आयुष्य आठवायला सांगा. दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा कितीतरी दाटीने येतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडून पहिल्यांदा दुसऱ्या गावी राहणं, सगळं त्याच काळातलं. नव्या वहीची पहिली पानं आपण कशी मन लावून लिहितो, तसंच. त्या पानांवर जे गाणं वाजत होतं, तेही अक्षरांसोबत उमटून जातं.

शिवाय गाणं लोणच्यासारखं मुरावं लागतं. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली दाखवलं, की निरर्थक शब्दसुद्धा वारंवार समोर आले की आवडू लागतात. निरर्थक शब्द! मग जे गाणं मुलांच्या फोनवर दिवसातून वीसदा वाजतं आणि माझ्या कानावर एकदाही पडत नाही, ते मला कसं आवडावं?

पण ते गाणं ‘सगळ्यांचं’ झालं तरी कसं? इथे तर मी पुस्तक मिटून बसूनच राहिले. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना इतरांची पसंती दिसतच नव्हती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट पाडले. प्रत्येकाला फक्त आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसायचं. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, तरी प्रत्येक गटाचा निकाल वेगळा! एक गाणं एका गटात पहिलं आलं, तेच दुसऱ्या गटात चाळिसावं. फारच सुमार गाणं सहसा वर चढत नसे आणि उत्तम गाणं सहसा तळाला जात नसे. मधल्यांचं नशीब मात्र पहिल्या काही जणांच्या हाती.

माझा सर्वांत लाडका शोध २०१३ मधला. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना जुनी गाणी ऐकवली. आवडीचा आलेख त्यांच्या स्वतःच्या काळापाशी चढला, हे ओघानेच आलं. पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांपाशीही तो उंचावला! आणि साठच्या दशकापाशी पुन्हा, कदाचित आजीआजोबांमुळे. ही मुलं जन्मलीही नव्हती तेव्हाची गाणी घरात वाजत राहिली, स्वयंपाकघरात गुणगुणली गेली आणि आपसूक त्यांची झाली.

हळदीच्या त्या रात्री अकराच्या सुमारास डीजेने ‘मी डोलकर’ लावलं. लतादीदी आणि हेमंतकुमारांचा आवाज आला तशी मी उठले. बघते तर चिंटू आधीच मांडवाच्या मधोमध वल्हं मारत होता, शब्दन्‌शब्द पाठ. मला पाहून त्याचे डोळे विस्फारले.

“मावशी, तुला हे येतं?”