पाणथळ म्हणजे पडीक जागा नव्हे

आपल्या जिल्ह्यातलं लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत गेलं, हे तुम्ही ऐकलं असेल. रामसर हे इराणमधलं शहर. पाणथळ जागा जपण्याचा करार १९७१ साली तिथे झाला, म्हणून यादीला ते नाव. महाराष्ट्रातून या यादीत पहिला मान मिळाला तो नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला.

पाणथळ तयार कशी होते? कधी नदी मोठ्या पुरात आपलं वळण सोडून सरळ वाहू लागते. मागे राहिलेल्या जुन्या वळणात पाणी साचतं, घोड्याच्या नालेसारखं. बिहारमधला काबरताल असाच झाला. नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट वेगळी. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधला. पुराबरोबर आलेला गाळ मागे साचत गेला. पाणी कमी मावू लागलं, पण उथळ पाणी, चिखल, बेटं आणि गवत तयार झालं. मासे, किडे, शिंपले वाढले. त्यांच्यामागे पक्षी आले, हिवाळ्यात तर दूरदेशातून. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं. आज तिथे दोनशेहून जास्त जातींचे पक्षी दिसतात.

पण फायदा फक्त पक्ष्यांचा नाही. पाणथळ म्हणजे पाण्याचा बचत गट. पावसाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च. ती पुराचा जोर कमी करते, गाळ अडवते. जमीन मुरमाड असेल तिथे पाणी मुरून जवळच्या विहिरींना आधार मिळतो. ती बुजवली, तर पाण्यासाठी लांब चालावं लागतं ते आपल्यालाच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दाराशी साचलेलं सांडपाणी म्हणजे पाणथळ नव्हे. तिथे डास होतात, त्याला शोषखड्डाच हवा. जिवंत पाणथळीत मासे आणि बेडूक असतात, ते डास आणि त्यांच्या अळ्या खातात.

तेव्हा येत्या मासिक बैठकीत एवढं करा. नाल्याचं जुनं वळण, डोह, गावतळं, अशा जागांची यादी काढा. जागा कोणाच्या नावावर आहे, ते तलाठ्याकडून सातबाऱ्यावर पाहून घ्या. तिथे कचरा किंवा मुरूम पडत असेल, तर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. जागा एकदा बुजली, वर घरं उभी राहिली, की मग ठरावाचा उपयोग होत नाही.